साठ शब्दांचे अभिप्राय : काम करणाऱ्या माणसापाशी कॅमेरा किती वेळ थांबतो?

उद्यमनगर (मूळ लेखन)

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मी चौतीस वर्षे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा उठवण्यासाठीचे नमुने, तयार करत होतो, आणि त्यांपैकी एकोणीस वर्षे इथल्या एका लहान साप्ताहिकात दर शुक्रवारी चित्रपटांवर अभिप्राय लिहीत होतो. रकान्याची जागा ठरलेली होती आणि साठ शब्दांच्या पुढे एक शब्दही छापला जात नसे. ते साप्ताहिक आता बंद झाले आहे, परंतु कात्रणे आणि कच्च्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. त्यांतले काही अभिप्राय या धाग्यावर थोडे विस्ताराने उतरवावेत आणि जाणकारांनी ते तपासावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. जिथे माझे मत बदलले आहे तिथे मी जुने मतही सांगणार आहे.

ओतकामात पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न मापापेक्षा किंचित मोठा ठेवायचा असतो, फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच. चित्रपटांच्या बाबतीत मी हा हिशेब कायम डोक्यात ठेवला. दिवे लागून आपण बाहेर पडतो तेव्हा चित्रपट जेवढा मोठा वाटतो तेवढा तो तिसऱ्या दिवशी राहत नाही, आणि किती आकसला ते पाहिल्याखेरीज त्याचे माप लिहू नये. म्हणून उमा, पद्मा किंवा पार्वतीला या आठवड्यात पाहिलेल्या चित्रपटाचा अभिप्राय मी पुढच्या आठवड्याच्या अंकासाठी देत असे. थोडे चित्रपट असेही निघाले की जे आकसलेच नाहीत.

माझा निकष एकच होता आणि तो आधीच सांगितलेला बरा. पडद्यावरचा माणूस काम करत असताना कॅमेरा त्याच्यापाशी किती वेळ थांबतो, आणि ते काम त्या माणसाला खरोखर येते असे वाटते की नाही, हे मी पाहतो. हा निकष मला याच गावात सुचला, यात मला नवल वाटत नाही. ज्यांना आपण बाबुराव पेंटर म्हणून ओळखतो ते मूळचे मेस्त्री, हत्यारे वापरणाऱ्यांच्या घरातले. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह त्यांनी कॅमेरा घडवायला घेतला, १९१६ साली आनंदराव गेले, आणि पुढे विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून बाबुरावांनी तो पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. ज्या गावात चित्रपटाआधी चित्रपटाचे यंत्र हातांनी घडले, त्या गावातल्या प्रेक्षकाने हातांकडे पाहावे हे स्वाभाविक आहे.

सुरुवात घरातूनच करतो. भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ (१९६५) मी सर्वाधिक वेळा पाहिला आहे. लोहाराचे जोडपे गाव सोडून शहरात येते आणि तिथे फसवले जाते, एवढीच कथा आहे. पण सूर्यकांत आणि जयश्री गडकर भट्टीपाशी असतात तेव्हा त्यांच्या संसाराविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही, कारण दोघांची लय जमलेली आहे आणि ती कामातून जमलेली आहे. जगदीश खेबूडकरांनी लिहिलेले ऐरणीचे गाणे लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने स्वरबद्ध केले, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते असे की गाण्यासाठी काम थांबत नाही. उलट गाणे कामाच्या चालीने चालते. शहरातल्या भागात कथेला कारस्थानाची घाई होते आणि माणसे पहिल्यापेक्षा लहान दिसू लागतात. तरीही वहीतला शेरा मी कायम ठेवतो : ‘पहिला अर्धा भाग सोने, दुसरा पितळ, आणि दोन्ही एकाच भट्टीतले.’

‘संत तुकाराम’ (१९३६) विषयी लोक वैकुंठगमनाच्या दृश्याची आठवण काढतात, पण माझ्यासाठी तो चित्रपट तुकोबांच्या बायकोचा आहे. ही भूमिका करणाऱ्या गौरी या प्रभातमध्ये साध्या कामाला लागलेल्या बाई होत्या, आणि घरात खायला काही नसताना देवाचे नाव घेत बसलेल्या नवऱ्यावर चिडणारी बाई त्यांनी इतकी खरी उभी केली की विष्णुपंत पागनीसांच्या शांत चेहऱ्याला त्यामुळेच वजन आले. दामले आणि फत्तेलाल यांनी म्हैस, चूल आणि मुले यांना अभंगांच्या बरोबरीची जागा दिली आहे. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटले, इतके सगळे एकजीव झाले आहे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. तो अजून आकसलेला नाही.

‘कुंकू’ (१९३७) मध्ये गाणी सोडली तर पार्श्वसंगीत नाही, केवळ घरातले आणि रस्त्यावरचे आवाज आहेत. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीराचा नकार शांता आपटे जितक्या ताठ मानेने उभा करतात, तितकाच तो त्या आवाजांतून जाणवतो. आजच्या ध्वनिसंयोजकांनी हा चित्रपट डोळे मिटूनही एकदा अनुभवावा.

बाहेरच्या चित्रपटांत सर्वांत आधी ‘बायसिकल थीव्ज’ (१९४८). कथा चोरीला गेलेल्या सायकलीची आहे हे सगळे सांगतात. मला आठवतो तो भिंतीवर पोस्टर चिकटवण्याचा प्रसंग. जुना कामगार नव्याला खळ कशी लावायची, कागदावरची सुरकुती ब्रशने कशी काढायची ते दाखवतो, आणि पुढे आपला नायक एकटा तेच काम करू लागतो तेव्हा त्याचे लक्ष कामात असल्यामुळेच सायकल जाते. चांगले काम करायच्या धडपडीत माणूस लुटला जातो, ही गोष्ट दिग्दर्शक दे सिका एका शब्दाशिवाय सांगतात. नायकाची भूमिका करणारे लाम्बेर्तो माज्जोरानी स्वतः कारखान्यातले कामगार होते. त्यांच्या चालण्यातच पाळी संपवून निघालेल्या माणसाचा थकवा आहे.

‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) मध्ये पाळी सुटल्यावरही चॅप्लिनचे हात नट आवळतच राहतात. आमच्या शॉपमधल्या मित्रांना मी हा चित्रपट दाखवला तेव्हा त्या दृश्याला कोणी हसले नाही. अभिप्राय म्हणून तेवढे पुरेसे आहे.

‘शोले’ (१९७५) वर मी त्या काळी फार कडक लिहिले होते. गाव आहे पण गावात कोणी शेतकाम करताना दिसत नाही, असा माझा आक्षेप होता, आणि तो आजही मागे घेत नाही. मात्र एक प्रसंग मी तेव्हा नीट पाहिला नव्हता. विधवा राधा ओसरीवरचे दिवे एकेक करून मालवते आणि समोर बसलेला जय माउथ ऑर्गन वाजवतो. छायालेखक द्वारका दिवेचा यांनी मावळतीच्या प्रकाशात टिपलेल्या त्या प्रसंगात दिवे मालवणे हे एक रोजचे घरकाम आहे, आणि त्याला पूर्ण वेळ दिल्यामुळे दोघांमधले न बोललेले सगळे कळते.

‘सामना’ साखरपट्ट्यातल्या आपल्यासारख्यांना वेगळा सांगायला नको. निळू फुले यांचा साखरसम्राट हिंदुराव पाहुणचार करतो, खाऊपिऊ घालतो, मास्तरांना कपडे देतो, आणि हळूहळू आपल्या लक्षात येते की हेच त्याचे काम आहे, माणसे बांधून ठेवण्याचे. डॉ. लागूंचे मास्तर त्या पाहुणचारातून एकच प्रश्न बाहेर काढतात, मारुती कांबळेचे काय झाले, आणि सारी इमारत हलते. विजय तेंडुलकरांच्या लेखणीचा आणि जब्बार पटेलांच्या संयमाचा मला सर्वाधिक आवडणारा मेळ तो हाच.

‘कोर्ट’ (२०१४) पाहून पुष्कळ लोक कंटाळल्याचे सांगतात. न्यायाधीश साक्षीचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत लेखनिकाला सांगतात आणि त्या सांगण्यात साक्ष कशी बदलते, हे कळायला तेवढा वेळ लागतोच. सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाकाला लागतात. ज्या बाई दिवसा एका शाहिराला तुरुंगात ठेवण्यासाठी कायद्याची कलमे वाचतात, त्यांचाच हा थकलेला संसार चैतन्य ताम्हाणे आपल्याला कोणताही शेरा न मारता दाखवतात. गेल्या वीस वर्षांतला माझ्या मते हा सर्वश्रेष्ठ मराठी चित्रपट आहे.

‘सैराट’ (२०१६) मध्ये लोकांना पूर्वार्ध आवडतो, मला उत्तरार्ध. हैदराबादेत बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागलेली आर्ची आणि डोशाच्या गाडीवरचा परशा हेच खरे प्रेमिक आहेत. ‘तुंबाड’ (२०१८) मध्ये कणीक मळून बाहुली करण्याच्या कृतीतून भीती उभी राहते, ही कल्पना फार मोठी आहे. ‘दंगल’ (२०१६) विषयी मी लिहिले होते की कुस्तीचा सराव एवढ्या प्रामाणिकपणे कोणी दाखवला नव्हता. ‘सेव्हन सामुराय’ (१९५४) विषयी वहीत लिहिले आहे : ‘साडेतीन तासांच्या शेवटी विजय झाल्यावरही पराभवाची चव उरते. शेवट उदास आहे.’ आणि ‘पिंजरा’ (१९७२) विषयी : ‘डॉ. लागूंसाठी पाहावा. बाकी सगळी सजावट.’

शेवटच्या तीन शेऱ्यांबद्दल मला स्वतःलाच खात्री उरलेली नाही. कृपया लिहावे.

दसरा चौक

काका, नमस्कार. शाहू स्मारक भवनात होणाऱ्या चित्रपटांना मी गेली अनेक वर्षे नियमित जाते, त्यामुळे तुमचा धागा अतिशय आस्थेने वाचला. ‘कुंकू’ आणि ‘कोर्ट’वरचे अभिप्राय मला पूर्णपणे पटले. परंतु तुमच्या निकषावर माझा एक गंभीर आक्षेप आहे, आणि तुम्ही स्वतःच विचारले असल्यामुळे तो स्पष्टपणे मांडते.

तुम्ही हात पाहता, पाय पाहत नाही. ‘पिंजरा’ला सजावट म्हणताना तुम्ही तमाशाच्या फडावरच्या नाचाला काम मानलेलेच नाही. चाळ बांधून रोज रात्री उभी राहणारी बाई ही लोहाराइतकीच कामगार आहे, तिलाही सराव लागतो, तिचेही अंग दुखते, आणि तिच्याही कामाचे पैसे दुसराच कोणी ठरवतो. व्ही. शांताराम यांच्या रंगांविषयी आणि नेपथ्याविषयी तुम्ही जे म्हणाल ते मी मान्य करीन. त्या चित्रपटात गाव म्हणजे रंगवलेला पडदा वाटतो, हे खरेच आहे. पण संध्या यांच्या नृत्यात जी मेहनत दिसते ती सजावट नव्हे. राम कदमांच्या ढोलकीवर त्यांचे पाऊल जिथे पडते तिथे नेमके पडते, आणि कॅमेरा बहुतेक वेळा ते पाऊल संपूर्ण दाखवतो. आदर्शवादी मास्तर त्याच फडात हलकी कामे करू लागतात तेव्हा त्यांची घसरण आपल्याला का बोचते? कारण तोवर आपणही त्या फडातल्या कामाला कमी लेखत आलेलो असतो. तुमच्या ‘बाकी सगळी सजावट’ या शब्दांत मास्तरांचीच नजर आहे, असे मला वाटते.

हेच ‘नटरंग’ (२०१०) बाबतही सांगता येईल. आपल्या कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट तुमच्या यादीत नाही याचे मला आश्चर्य वाटले. राजाची भूमिका करण्याचे स्वप्न पाहणारा गुणा कागलकर नाच्या, म्हणजे तमाशात बायकी हावभाव करणारा पुरुष, व्हायला तयार होतो आणि चालणे, मान वळवणे, हात मुडपणे नव्याने शिकतो. अतुल कुलकर्णी यांनी पहिलवानी देह कमावून पुन्हा तो उतरवला, हे सर्वांनी वाचले आहे, पण पडद्यावर खरे काम दिसते ते त्या शिकण्याच्या प्रसंगांत. पुरुषाच्या देहाला लागलेली सवय मोडणे यासारखे अवघड काम मराठी चित्रपटाने क्वचितच दाखवले आहे.

आणखी एक. जपानी दिग्दर्शक ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) तुमच्या मापात कसा बसवाल? त्यात मोठे काम असे कोणी करतच नाही. म्हातारे आईवडील मुलांकडे जातात, कोणाला त्यांच्यासाठी सवड नसते, ते परत येतात, आई जाते. बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेवलेला कॅमेरा आणि पंख्याने वारा घेणारी माणसे, एवढ्यावर तो चित्रपट उभा आहे.

उद्यमनगर

ताई, तुमचा पहिला आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि तो वाचल्यावर रात्री ‘पिंजरा’ची गाणी पुन्हा लावून पाहिली. मी सुतारकाम करणारा माणूस असल्यामुळे वस्तू घडते तेच काम, असा माझा समज नकळत झाला होता. नाचातून वस्तू उरत नाही, म्हणून मला त्यातले कष्ट दिसले नाहीत. ही चूक केवळ एका चित्रपटापुरती नाही. एकोणीस वर्षांत मी तमाशापटांवर जे काही लिहिले त्या सगळ्यावर तिची सावली आहे. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’वरही (१९५९) मी असाच कोरडा शेरा लिहिला होता, आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे का चालला याचे उत्तर केवळ गाण्यांत शोधले होते.

‘नटरंग’ मी मुद्दाम वगळला होता, कारण गाण्यांच्या वेळी तो चित्रपट गुणाच्या घराला विसरतो असे माझे मत आहे आणि ते अजूनही तसेच आहे. मात्र नाच्याचे चालणे शिकण्याच्या प्रसंगाविषयी तुम्ही लिहिलेत ते माझ्या वहीतही आहे, जवळजवळ त्याच शब्दांत.

‘टोकियो स्टोरी’ विषयी मात्र मी वेगळे म्हणेन. तो चित्रपट सुरू होतो तो म्हातारा-म्हातारी प्रवासाचे सामान भरत असताना. हवा भरायची उशी कुठे ठेवली यावरून दोघांत थोडे बोलणे होते, ती तुझ्याकडे दिली होती, नाही तुमच्याकडेच आहे, आणि अखेर ती म्हाताऱ्याच्याच सामानात सापडते. सामान भरण्याच्या त्या कामात चाळीसएक वर्षांचा संसार येतो. मुलीचे घरातच केस करण्याचे दुकान आहे, मुलगा डॉक्टर आहे, दोघेही सतत कामात आहेत, आणि त्यांचे काम खरे असल्यामुळेच आपण त्यांच्यावर पुरते रागावू शकत नाही. वडिलांची भूमिका करणारे चिशू र्‍यू तेव्हा पन्नाशीच्याही आत होते. वाकलेली पाठ आणि सावकाश उठणे हे त्यांनी कमावलेले काम आहे. त्यामुळे माझ्या मापात हा चित्रपट बसतो, किंबहुना ते माप मी त्याच्यावरूनच तपासून घेतो.

तालमीतला

‘दंगल’वरच्या तुमच्या वाक्यासाठी हा प्रतिसाद लिहीत आहे. लहानपणापासून मी तालमीत वाढलो आणि आता मुलांना शिकवतो, म्हणून या एका चित्रपटापुरते बोलण्याचा मला अधिकार आहे असे समजतो.

सरावाविषयी तुम्ही लिहिलेत ते बरोबर आहे. शेतात कुस्तीचा हौदा खणणे, पहाटेचे धावणे, मुलींचे केस कापल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आलेले भाव, हे सगळे खरे आहे. आमच्याकडे लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मळतात आणि रोज खोऱ्याने उकरून मऊ ठेवतात. मातीची ही निगा चित्रपटात फारशी दिसत नाही, पण तो हरियाणातल्या घराचा चित्रपट आहे आणि मॅटवरच्या कुस्तीकडे जाणारा आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

माझी तक्रार अखेरच्या लढतीबद्दल आहे. गीता फोगट यांनी २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात सुवर्णपदक मिळवले, आणि ती अंतिम लढत पडद्यावर दाखवली तशी शेवटच्या क्षणापर्यंत ताणलेली नव्हती, त्यांनी ती सरळ जिंकली होती. वडिलांना खोलीत कोंडून ठेवण्याचा प्रसंगही रचलेला आहे. गिरीश कुलकर्णी यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्याला त्या प्रशिक्षकाच्या भूमिकेत केवळ दुष्ट करून टाकले आहे. चित्रपटाला रंजकता लागते हे मला कळते. पण सरळ जिंकलेली कुस्ती ही आमच्या दृष्टीने मोठी कुस्ती असते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात १९१२ पासून लोक कुस्ती पाहत आले आहेत, आणि तिथला जाणता प्रेक्षक खाडाखडीपासूनच, म्हणजे सुरुवातीच्या हातांच्या झटापटीपासूनच, सांगतो की कोणाचा हात जड आहे. समोरच्याचे मनगट हातात आले की अर्धी कुस्ती झालेली असते. ही पहिली दोन मिनिटे, जेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटते, तीच आमच्या कामाची खरी वेळ आहे, आणि नेमकी तीच वेळ चित्रपटाने कापली. तुम्ही म्हणता त्या निकषाने पाहिले तर सरावाला कॅमेरा थांबतो आणि कुस्तीला थांबत नाही.

आजऱ्याची

मी आजरा तालुक्यातली आहे आणि आमच्याकडे घनसाळ भाताची शेती आहे. ‘सेव्हन सामुराय’ मी मुलाच्या संगणकावर दोन रात्रींत पाहिला. जपानी चित्रपट पाहण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. तुम्ही शेवट उदास आहे असे लिहिले आहे, म्हणून धीर करून लिहीत आहे.

शेवटी गावातल्या बाया रांगेने भाताची लावण करतात आणि पुरुष ढोल व पावा वाजवतात. गावासाठी दरोडेखोरांशी लढून उरलेले सामुराय, म्हणजे जपानी योद्धे, बाजूला उभे राहून पाहतात आणि त्यांचा म्होरक्या म्हणतो की जिंकले ते शेतकरी, आपण नव्हे. तुम्ही त्या सामुरायांच्या बाजूला उभे राहून पाहिलेत. मी मात्र चिखलातल्या बायांकडे पाहत होते. तरवा, म्हणजे भाताची रोपे, वेळेवर लावला नाही तर तो वाया जातो, त्याला कोणाच्या मरणाचे सुतक नसते. ज्या तरुणीचा त्या लहान सामुरायावर जीव जडलेला असतो ती त्याच्याजवळून जाते, थबकते, आणि पुढे जाऊन लावणीला लागते. तिने त्याला टाकले असे अनेकांना वाटत असेल. मला तसे वाटले नाही. पाणी लागलेले रान डोळ्यांसमोर असताना तिला दुसरे काही करताच आले नसते.

आणि आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शेवटची लढाई धो धो पावसात, चिखलात होते. त्याच्या लगेच पुढे लावणीचा चिखल येतो. ज्या पावसात माणसे मेली त्याच पावसावर भाताची लावण होते. पावसाचा हा दुहेरी अर्थ आमच्याकडच्या कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. त्यामुळे तो शेवट मला उदास वाटला नाही आणि आनंदाचाही वाटला नाही. जून महिन्यासारखा वाटला.

बिंदू चौक

सगळ्यांचे लेखन वाचून आनंद झाला. काका, एक विनंती आहे. कोल्हापूरच्या धाग्यावर बाबुराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) वर अभिप्राय नाही, हे बरोबर दिसत नाही. कर्जापायी जमीन गमावून गिरणीत मजुरीला जाणारा शेतकरी आणि त्या भूमिकेत तरुण शांताराम, म्हणजे तुमच्या निकषाला इतका जवळचा चित्रपट दुसरा नसेल. कृपया त्यावर चार ओळी लिहाव्यात.

उद्यमनगर

आपली विनंती मी मान्य करू शकत नाही, याबद्दल क्षमा असावी. त्या मूकपटाची प्रत उरलेली नाही आणि मी न पाहिलेल्या चित्रपटावर कधीही अभिप्राय दिलेला नाही. त्याची कथा, त्यावरचे लेख आणि काही छायाचित्रे यांवरून मला खूप काही वाटते. अंधारात बुडालेली एक झोपडी आणि तिथे तोंड वर करून विव्हळणारा कुत्रा, असे एक दृश्य ज्यांनी पाहिले त्यांच्या स्मरणात राहिले होते, आणि मूकपटात तो आवाज केवळ चित्रातून ऐकू आला असेल तर ते किती थोर काम असेल, याची कल्पनाही करवते. पण नांगरावर किंवा यंत्रावर त्या माणसाचे हात कसे होते, कॅमेरा तिथे थांबला की पुढे गेला, हे मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसताना केलेली स्तुती ही आपल्या गावाची स्तुती होईल, त्या चित्रपटाची नव्हे. आपल्या जिल्ह्यात जुन्या पेट्यांतून, माळ्यावरून काही रिळे कोणाकडे पडून असतील तर ती ऊन आणि ओल यांपासून जपावीत आणि जाणकारांच्या हाती द्यावीत, अशी मात्र माझी कळकळीची विनंती आहे. त्या काळातली फिल्म चटकन पेट घेणारी असते, म्हणून ती घरात उघडून पाहू नये.

‘तालमीतला’ आणि ‘आजऱ्याची’ यांनी जे लिहिले ते माझ्या रकान्यात कधी छापून आले असते तर त्या रकान्याची किंमत वाढली असती. मी दोन्ही चित्रपट या आठवड्यात पुन्हा पाहिले. ‘दंगल’मध्ये अखेरच्या लढतीतल्या कापांची संख्या मी मोजू लागलो आणि थोड्याच वेळात सोडून दिली. पकड पूर्ण होण्याच्या आधीच चित्र बदलते, ही तक्रार रास्त आहे. ‘सेव्हन सामुराय’मध्ये मी इतकी वर्षे ज्याला शेवट समजत होतो तो मुळात हंगामाचा आरंभ होता, हे मला आजऱ्याच्या ताईंनी दाखवले, आणि दोन चिखलांचा संबंध तर माझ्या नजरेतून पूर्णपणे सुटला होता.

साठ शब्दांची मर्यादा पाळून तिन्ही शेरे नव्याने लिहिले आहेत. कोणाला त्यांत चूक दिसली तर अवश्य सांगावे.

‘पिंजरा’ : गाव रंगवलेले आहे, पण फड खरा आहे. संध्या यांच्या पावलांत रोजच्या रियाजाचे कष्ट दिसतात आणि कॅमेरा ती पावले तोडत नाही. मास्तरांची घसरण पाहताना आपण कोणत्या कामाला हलके समजतो हे प्रेक्षकाने स्वतःला विचारावे. डॉ. लागू उत्तरार्धात अधिक मोठे होतात, कारण तिथे त्यांना भाषण नाही, काम आहे. रंगांचा भडकपणा मात्र मला आजही खटकतो.

‘दंगल’ : मुलींच्या सरावाला या चित्रपटाने वेळ दिला आणि तो भाग टिकेल. प्रत्यक्ष कुस्ती मात्र गुणफलकाच्या आधाराने दाखवली आहे, हातांच्या नव्हे. सरळ जिंकलेली अंतिम लढत ताणून, प्रशिक्षकाला खलनायक करून मिळवलेला थरार तिसऱ्या दिवशी आकसतो. खाडाखडी पूर्ण दाखवणारा कुस्तीचा चित्रपट अजून व्हायचा आहे.

‘सेव्हन सामुराय’ : पावसात लढाई होते आणि त्याच पावसावर लावण होते. लढणाऱ्यांचे काम संपते, पेरणाऱ्यांचे संपत नाही, म्हणून अखेरच्या दृश्यात कॅमेरा चिखलातल्या बायांना गाणे पुरे करू देतो. सामुरायांच्या थडग्यांवर वारा आहे, खाली शेतात पाणी आहे. साडेतीन तास लागतात आणि त्यांतले एकही मिनिट जादा नाही. जूनमध्ये पाहावा.